नाव दिले म्हणजे साक्ष दिली

कंपनीला दुसरा संचालक हवा, तर ऑफिसातल्या शिपायाचे नाव टाकायचे. जुना जीएसटी नंबर थकबाकीत अडकला, तर मेहुण्याच्या नावाने नवा काढायचा. शेतजमीन घ्यायची पण घेणारा शेतकरी नाही, तर सातबारावर नाव असलेला कोणीतरी गाठायचा. हिशेब, कर आणि कंपनी कायदा या व्यवसायांत असलेल्या आपणा ख्रिस्ती मंडळींपैकी बहुतेकांच्या कानांवर यातली एखादी मागणी आलेली आहे. ‘तुम्हाला काही करायचं नाही, फक्त सही लागेल,’ असे सांगणारा अनेकदा चर्चमधला वडीलधारा असतो, नातलग असतो किंवा अडचणीत मदत केलेला मालक असतो. त्याला नाही म्हणणे जड जाते. म्हणूनच या विषयावर स्पष्ट बोलले पाहिजे.

कायद्याची बाजू आपल्याला ठाऊक आहे. कंपनी कायदा 2013 च्या कलम 166 नुसार संचालकाने स्वतःच्या बुद्धीने, काळजीपूर्वक आणि सद्भावनेने निर्णय घ्यायचे असतात. ‘फक्त सहीपुरता संचालक’ हा प्रकार कायद्याला माहीतच नाही. 1988 चा बेनामी व्यवहार कायदा 2016 च्या दुरुस्तीने कडक झाला. नाव देणारा, ज्याच्यासाठी दिले तो आणि हे जुळवून आणणारा अशा तिघांनाही एक ते सात वर्षे सक्तमजुरी होऊ शकते. 9 मे 2023 च्या अधिसूचनेनंतर दुसऱ्यासाठी संचालक किंवा नामधारी भागधारक होणे, किंवा तसा माणूस मिळवून देणे, ही कामे व्यवसाय म्हणून करणारा मनी लाँडरिंग कायद्याच्या कक्षेत येतो. पण शिक्षेच्या भीतीने राखलेला प्रामाणिकपणा पकडले जाण्याची शक्यता कमी झाली की ढासळतो. आपला आधार त्याहून खोल हवा.

पहिल्या राजे या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात नाबोथाच्या द्राक्षमळ्याची हकिगत आहे. आपण ती सत्तेच्या लोभाची गोष्ट म्हणून ऐकतो. पण त्या खुनाची कागदपत्रे कशी तयार झाली तेही तिथे नोंदले आहे. पत्रे ईजबेलने लिहिली, नाव अहाबाचे होते, मोहरही अहाबाची होती. अहाबाने स्वतः एक ओळ लिहिली नाही, खोटे साक्षीदार उभे केले नाहीत, दगड उचलला नाही. तरीही एलीया संदेष्टा आला तो अहाबाकडे, आणि खून करून वतन बळकावल्याचा जाब त्याने अहाबालाच विचारला. मोहर ज्याची, त्याला उत्तर देणे चुकत नाही. आज ती मोहर डिजिटल सिग्नेचरच्या टोकनमध्ये असते, आणि अशिलांची असली टोकने पासवर्डसह आपल्याच ऑफिसांच्या ड्रॉवरमध्ये पडलेली असतात.

‘मी फक्त सही केली, बाकी त्यांनी केले,’ या युक्तिवादाला कॅथलिक नीतिशास्त्रात उत्तर आहे. आल्फोन्सस लिगोरी यांच्या काळापासून दुसऱ्याच्या पापातील सहभाग दोन प्रकारचा मानला जातो: त्याच्या हेतूतच सामील होणे, आणि हेतू न स्वीकारता कृतीला हातभार लावणे. दुसऱ्या प्रकाराला काही वेळा सूट मिळते. पण नामधारी मालकाला ती मागता येत नाही, कारण त्याची सही हेच मुळात एक विधान आहे. बँक, पुरवठादार, कर अधिकारी आणि कामगार यांना तो सांगत असतो की हा धंदा माझा आहे, याची जबाबदारी मी घेतली आहे. ते खोटे असेल तर ती त्याची स्वतःची खोटी साक्ष ठरते. शपथेची गरजच पडू नये इतके आपले होकार-नकार खरे असावेत, ही येशूची डोंगरावरील शिकवण संचालकपदाच्या संमतीसाठी भरल्या जाणाऱ्या डीआयआर-2 नमुन्यालाही लागू आहे. पोप अकरावे पायस यांनी 1931 च्या आपल्या परिपत्रकात कंपनीच्या सामूहिक नावाच्या आडोशाने होणाऱ्या फसवणुकीचा आणि ठेवीदारांचा विश्वासघात करणाऱ्या संचालकांचा निषेध केला होता, तो याच कारणाने.

मग दुसऱ्यासाठी नाव देणे नेहमीच पाप आहे का? नाही. चर्चची जमीन विश्वस्तांच्या नावावर असते; ती कोणासाठी आहे हे दस्तातच लिहिलेले असते. कर्ज देणाऱ्या संस्थेने नेमलेला संचालक कोणाचा प्रतिनिधी आहे हे सर्वांना ठाऊक असते. शेअर एकाच्या नावावर आणि लाभ दुसऱ्याचा असेल, तर कंपनी कायद्याच्या कलम 89 खाली तसे जाहीर करावे लागते. इथे लपवाछपवी नाही.

एक अवघड उदाहरणही तपासले पाहिजे. नाझींच्या ताब्यातील हॉलंडमध्ये ज्यूंचे धंदे हिरावले जात होते, तेव्हा 1941 मध्ये ॲन फ्रँकच्या वडिलांचा मसाल्याचा व्यवसाय ‘गीस अँड कंपनी’ या नावाने सहकारी व्हिक्टर कुगलर आणि यान गीस यांच्या नावे दाखवला गेला. तिथे लपवाछपवी होती. पण ती लुटणाऱ्यापासून होती, लुटल्या जाणाऱ्यासाठी होती, आणि नाव देणाऱ्यांनी धोका जाणूनबुजून पत्करला होता. 4 ऑगस्ट 1944 रोजी लपलेल्या आठ ज्यूंबरोबर कुगलर यांनाही अटक झाली. आपल्याकडच्या डमी संचालकाची स्थिती नेमकी उलट असते. फायदा बलवानाचा, फसगत शासनाची, बँकेची आणि कामगारांची, आणि नोटीस येते ती काही ठाऊक नसलेल्या ड्रायव्हरच्या घरी.

म्हणून कोणाचेही नाव कागदावर चढवण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा. खरा मालक कोण हे कोणापासून लपते आहे? संकट आले तर ते कोण भोगणार? सही करणाऱ्याला समोर बसवून, त्याच्या भाषेत, हे सगळे सांगितले आहे का? यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर देताना अडखळलात, तर ते काम घेऊ नका. फी जाईल, कदाचित अशीलही जाईल.

जे आधीच अडकले आहेत त्यांना झिडकारू नका. दुसऱ्याला जामीन राहून अडकलेल्याने डोळ्याला डोळा न लावता सुटकेसाठी धावावे, असा नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायाचा सल्ला आहे. कंपनी कायद्याच्या कलम 168 खाली संचालकपदाचा राजीनामा देता येतो. कारकिर्दीत घडलेल्या गुन्ह्यांची जबाबदारी त्याने पुसली जात नाही, हेही त्यांना खरे सांगा. अशा माणसांची कागदपत्रे फी न घेता करून देणे ही आपल्या व्यवसायातली सेवा आहे. या महिन्यात अशिलांची टोकने ज्याची त्याला परत करा, पासवर्ड बदलायला लावा, आणि आपल्या हातून कोणाचे नाव असे चढले असेल तर त्या माणसाला स्वतःहून भेटा.