‘बुडाले’ म्हणजे नक्की काय झालं?

‘गुंतवणूकदारांचे ३१ लाख कोटी बुडाले!’ ४ जून २०२४च्या संध्याकाळी अशा बातम्या तुमच्याही ग्रुपवर फिरल्या असतील. लोकसभा निकालाचा दिवस होता आणि सेन्सेक्स जवळपास ४,३९० अंकांनी आपटला होता. पण ७ जूनला तो निकालाच्या आदल्या दिवसापेक्षाही वर जाऊन बंद झाला. मग ते ३१ लाख कोटी गेले कुठे आणि परत आले कुठून?

उत्तर ‘मार्केट कॅप’ या शब्दात आहे. कंपनीचे एकूण शेअर्स गुणिले आजचा भाव, इतकं साधं गणित. सोसायटीत एखाद्याने घाईत फ्लॅट स्वस्तात विकला, की सगळ्यांच्याच फ्लॅटचा भाव कागदावर उतरतो. खिशाला चाट मात्र बसते ती विकणाऱ्याच्या. ‘बुडाले’ म्हटलं की हा फरकच दिसेनासा होतो.

अंकांचंही तेच. हर्षद मेहता घोटाळा गाजत असताना, २८ एप्रिल १९९२ला सेन्सेक्स ५७० अंकांनी कोसळला होता. आज ५७० अंक म्हणजे किरकोळ वाटतील. पण तेव्हाची ती घसरण १२ टक्क्यांहून जास्त होती आणि ४ जूनची पावणेसहा टक्क्यांच्या आसपास. म्हणून ‘इतक्या अंकांनी’ वाचलंत, की आधी टक्के शोधा.

आता गंमत बघा. पैसे खरोखर बुडतात, तिथे हा शब्द फारसा दिसतच नाही. ‘एफ अँड ओ’, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शन्स. ऑप्शनला मुदत असते. मुदतीपर्यंत भाव तुमच्या बाजूने गेला नाही, तर त्यासाठी भरलेला प्रीमियम शून्य होऊ शकतो. शेअरसारखं ‘थांबू, वर येईल’ म्हणायची सोय नाही. सेबीने सप्टेंबर २०२४मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत इथे ट्रेडिंग करणाऱ्या दर १०० सामान्य लोकांपैकी ९३ जण तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटींहून अधिक. आणि २०२३-२४मध्ये त्यांतले ४३ टक्के लोक तिशीच्या आतले होते. म्हणजे आपल्याच वयाचे!

रील्समध्ये मात्र याच खेळाला ‘साइड इन्कम’ म्हणतात.

मी बातमी लिहायला शिकतेय, म्हणून आमच्या बिरादरीलाही सांगते: ‘बुडाले’ लिहिण्याआधी कोणाचे आणि कसे, हे एका ओळीत सांगायला काय हरकत आहे? आणि तुम्ही वाचत असाल तर तीन प्रश्न विचारा. किती टक्के? तोटा कागदावरचा की खरा? हे सांगणाऱ्याला माझ्या ट्रेडमधून काय मिळतं? तिसऱ्याचं उत्तर मिळेपर्यंत त्या रीलखालच्या लिंकवर क्लिक करू नका.