शाळेची खबरबात : नववीचा उंबरठा



दिवाळी सरली, करंज्यांचे डबे रिकामे झाले आणि हायस्कूलची घंटा पुन्हा वाजू लागली. रानात ज्वारी-हरभरा वर येतो आहे, तसाच हायस्कूलचाही हा हंगामाचा काळ. पहिल्या सत्राचे गुण हाती आले आहेत. तालुक्याला कबड्डी-खोखो खेळून आलेली पोरे अजून त्याच रंगात आहेत. विज्ञान प्रदर्शनासाठी कोणी पुठ्ठे कापतो आहे, तर कोणी घरातल्या जुन्या रेडिओची तार उचकून नेतो आहे. स्नेहसंमेलनात कोणी कोणत्या गाण्यावर नाचायचे यावरून मुलींत रुसवेफुगवे चालू आहेत. दहावीच्या वर्गाला सकाळचे ज्यादा तास लागले आहेत. फेब्रुवारी उजाडायला आता फार दिवस नाहीत.

या सगळ्या गडबडीत एक बातमी मात्र कोणी सांगत नाही. दिवाळीनंतर गुरुजी नववीच्या वर्गात हजेरी घेतात, तेव्हा दोन-चार नावांना ‘हजर’ असे उत्तर येत नाही. गुरुजी क्षणभर थांबतात आणि पुढचे नाव घेतात. भांडण नाही, तंटा नाही, कोणी शाळा सोडल्याचा दाखलाही मागितलेला नसतो. बाकावरची जागा तेवढी रिकामी राहते. आजची खबरबात त्या जागेविषयी आहे.

आठवीपर्यंत सरकारचा हात

पोरे नेमकी नववीतच का गळतात, याचा विचार आपण फारसा करत नाही. ‘डोके चालत नाही’ म्हणून मोकळे होतो. पण जरा हिशेब मांडून बघा.

शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला आठवीपर्यंत मोफत आणि सक्तीचे शिक्षण, असे तो कायदा सांगतो. म्हणून आठवीपर्यंत पुस्तके फुकट मिळतात. दुपारी खिचडी मिळते. मूल शाळेत आले नाही तर गुरुजी घरी विचारायला येतात. आठवी संपली की हे सारे एकदमच थांबते. नववीला खिचडी नाही, डबा घरून न्यायचा. पुस्तके विकत घ्यायची. अभ्यास अवघड होतो, विज्ञान आणि गणिताचे पुस्तक जाड होते. कितीतरी गावांत शाळा सातवी-आठवीपर्यंतच असते, म्हणजे नववीसाठी तीन-चार कोस जाणे आले.

आणि याच वर्षी मुलगा घरच्या कामाला येण्याजोगा होतो. औताला हात लावतो, मोटार चालू-बंद करतो, दुधाची किटली डेअरीवर पोचवतो. मुलगी तर सगळे घर सांभाळू लागते. एका बाजूने सरकारचा हात सुटतो आणि दुसऱ्या बाजूने घरचे काम ओढते. अशा वेळी घरचा हात पाठीवर नसेल तर पोर उंबरठ्यावरच अडखळते. त्यात डोक्याचा दोष थोडा आणि वेळेचा दोष जास्त.

आधी वाचून घ्या

दुसरे एक कारण आतले आहे. ‘असर’ नावाची पाहणी आपल्या देशात दरसाल-दोन सालाने होते. २०२३ साली त्यांनी काही निवडक जिल्ह्यांच्या ग्रामीण भागात चौदा ते अठरा वयाच्या मुलामुलींची पाहणी केली. त्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याच्या मुलांना आपल्याच भाषेतला दुसरीच्या पुस्तकातला मजकूर सरळ वाचता येईना. असे मूल नववीत बसले तर त्याला फळ्यावरचे काय कळणार? ते मागच्या बाकावर जाते, मग वर्गाबाहेर आणि मग शाळेबाहेर.

तुम्ही स्वतः फार शिकलेले नसलात तरी याची पारख घरी करता येते. आज रात्री जेवणे झाली की हाच अंक पोराच्या हाती द्या आणि ‘आम्हांला वाचून दाखव’ म्हणा. भराभर वाचले तर शाबासकी द्या. अडखळले तर रागावू नका, चारचौघांत हिणवू नका. आठ दिवस रोज एक पान वाचून घ्या आणि शनिवारी शाळेत जाऊन वर्गशिक्षकांना स्पष्ट सांगा : ‘गुरुजी, याचे वाचन कच्चे आहे, जरा लक्ष द्या.’ पालकाने असे सांगितले म्हणजे कोणत्याही चांगल्या शिक्षकाला बरेच वाटते. गुणपत्रकावर सही करण्यापेक्षा या सांगण्याचा उपयोग मोठा आहे.

कोयता आणि दप्तर

आता ऊसतोडीच्या घरांशी दोन शब्द. बीड, अहिल्यानगर आणि आसपासच्या भागांतून बिऱ्हाडे निघाली. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल अंगावर, आणि परत यायचे ते उन्हाळ्याच्या तोंडाशी. पोराला मागे कोणाजवळ ठेवायचे, हा प्रश्न काही खोटा नाही. बरोबर नेले तर ते वाढे गोळा करते, धाकटे भावंड सांभाळते. पण नोव्हेंबर ते मार्च म्हणजे नववी-दहावीचे सगळे वर्षच. त्यातले पाच महिने गेले, तर उरलेल्यातून काही हाती लागत नाही.

म्हणून घरात म्हातारी आजी असेल, मावशी-आत्या गावात असेल, तर पोराला मागेच ठेवा. काही जिल्ह्यांत हंगामी वसतिगृहाची सोय होते. तिची चौकशी मुख्याध्यापकांकडे आणि पंचायत समितीच्या शिक्षण विभागात करा. २०२१ साली ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना मंजूर झाली. आपल्या तालुक्यात तसे वसतिगृह चालू आहे का, हे समाजकल्याण कार्यालयात विचारा. यंदा बिऱ्हाड गेले असेल तर निदान पुढच्या सालची उचल घेण्याआधी ही चौकशी करून ठेवा. उचल घेतल्यावर माणसाचे पाय बांधलेले असतात.

मुलीची नववी

मुलीच्या बाबतीत पैशाचे कारण पुढे करायला फारशी जागा नाही. महाराष्ट्रात मुलींना बारावीपर्यंत फी माफ आहे, आणि ती आजकालची नव्हे, बऱ्याच वर्षांपासूनची. दुसऱ्या गावी शाळेला जाणाऱ्या खेड्यातल्या मुलीला अहिल्यादेवी होळकर योजनेतून बारावीपर्यंत एस.टी.चा पास फुकट मिळतो. २०२४ सालच्या जूनपासून हे पास शाळेतच आणून देण्याची मोहीम एस.टी.ने सुरू केली, म्हणजे आगारात रांगेला उभे राहण्याचा खाडाही वाचला. मुलांनाही पासात मोठी सवलत आहे.

मग मुलगी का थांबते? रस्त्यावर टवाळ पोरे उभी असतात, शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी नसते, आणि ‘चांगले स्थळ आले आहे’ असे कोणीतरी पाहुणा सांगत येतो. पहिल्या दोन गोष्टी गावाने ठरवले तर आठवड्यात सुधारतात. पुढच्या पालकसभेला आयांनी मोठ्या संख्येने जावे, आणि भाषणे ऐकून परतण्याआधी मुलींचे स्वच्छतागृह डोळ्यांनी पाहून यावे. कडी लागते का, पाणी आहे का, एवढेच बघायचे.

तिसरी गोष्ट घराची आहे. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के बायकांची लग्ने अठरा वर्षे पुरी होण्याआधी झालेली होती. म्हणजे पाचात एक. २००६ च्या कायद्याने मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस वर्षे पुरी व्हावी लागतात, नाहीतर लग्न लावणारे, जमवणारे सारेच गुन्ह्यात येतात. असे काही कानावर आले तर १०९८ या नंबरावर फोन करता येतो. पण कायद्याचे राहू द्या. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीचे अंग अजून भरलेले नसते. कोवळ्या कालवडीला आपण लावत नाही, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. मग पोटच्या पोरीला तेवढी तरी सवड द्या. येत्या ३ जानेवारीला शाळेत सावित्रीबाईंची जयंती होईल. नायगावात १८३१ साली जन्मलेल्या त्या माउलीने शेणाचे गोळे अंगावर झेलले ते मुलींसाठीच. फोटोला हार घालायचा आणि फाल्गुनात नववीतल्या मुलीची हळद लावायची, हे काही जुळत नाही.

चार पैशांची बाजू

ज्यांची आठवीत मुले आहेत त्यांनी हे नीट वाचावे. केंद्र सरकारची २००८ पासूनची एक शिष्यवृत्ती आहे. शाळेत तिला ‘एन.एम.एम.एस.’ म्हणतात. परीक्षा आठवीत द्यायची. पास होऊन निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मुलाच्या खात्यात जमा होतात. चार वर्षांचे झाले ४८,०००. सातवीत निदान ५५ टक्के गुण हवेत, अनुसूचित जाती-जमातींना त्यात ५ टक्क्यांची सूट आहे. घरचे उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे. शाळा सरकारी, जिल्हा परिषदेची किंवा अनुदानित हवी. महाराष्ट्राच्या वाट्याला अशा ११,६८२ शिष्यवृत्त्या येतात.

अर्ज शाळेमार्फत भरतात आणि परीक्षा बहुधा डिसेंबरात असते. यंदाचा अर्ज राहिला असेल तर सातवीतल्या धाकट्यासाठी लक्षात ठेवा. उत्पन्नाचा दाखला, बँकेचे खाते आणि आधार यांची जुळणी आधीच करून ठेवा. नाव निवड यादीत आले आणि खात्यात पैसा आला नाही, असे कागदातल्या चुकीमुळे घडते. बघा, नववीला सरकारचा हात सुटतो म्हटले, पण मागणाऱ्याला तो असा पुन्हा धरताही येतो.

हाताला काम, डोक्याला शिक्षण

‘शिकून तरी काय करणार, नोकरी कुठे आहे?’ असे म्हणणारे पारावर भेटतातच. त्यांना दोन गोष्टी सांगा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. पोरांनी अंगमेहनत करावी आणि शिकावे, हाच त्यांचा मंत्र होता. वसतिगृहातल्या मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रही मोडले. शेतात राबणारे पोर शिकू शकत नाही, हे म्हणणे त्यांनी खोटे पाडले.

दुसरी गोष्ट पाबळची. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातले हे दुष्काळी गाव. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग हे शास्त्रज्ञ तिथे येऊन राहिले आणि विज्ञान आश्रम काढला. तिथल्या हायस्कूलच्या मुलांना आठवड्यातला एक दिवस हाताने काम करत शिकवायचे, असा बेत त्यांनी बसवला. वेल्डिंग, बांधकाम, विजेची जोडणी, माती तपासणे, जनावरांची निगा, रक्तातले लोह बघणे, असे सगळे मुले करतात, आणि गावाला उपयोगी पडेल असे करतात. कलबाग २००३ साली गेले, पण त्यांचा हा विषय राज्यातल्या बऱ्याच हायस्कुलांत पोचला. जे पोर पुस्तकात कंटाळते ते हत्यार हातात आले की खुलते. आपल्या हायस्कुलात असे काही सुरू करता येईल का, हे मुख्याध्यापकांना विचारायला हरकत नाही.

माजी विद्यार्थ्यांना निरोप

हल्ली एक चांगली चाल पडली आहे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची दहावीची बॅच मोबाइलवर एकत्र जमते आणि दिवाळीच्या सुटीत शाळेत मेळावा भरवते. जुन्या गुरुजींना शाल-श्रीफळ, गोड जेवण, फोटो, आणि जाताना शाळेला पाण्याची टाकी नाहीतर भिंतीवरचे घड्याळ. फार छान. पुढच्या मेळाव्यात एवढे करा : नववीत गेलेल्या गरजू मुलांची पुस्तके आणि वह्या त्या बॅचने घ्याव्यात. आणि मेळाव्याला न आलेल्या, नववीतच शाळा सुटलेल्या आपल्या जुन्या सोबत्यालाही आवर्जून बोलवा. तोही याच वर्गात बसत होता.

तेव्हा मंडळी, या महिन्यात चार कामे करा. पोराकडून रोज एक पान वाचून घ्या. वर्गशिक्षकांना एकदा भेटा. मुलीचा पास आणि आठवीतल्याची शिष्यवृत्ती यांची चौकशी करा. आणि तुमच्या आळीतले नववीतले एखादे पोर दिवाळीपासून घरी बसले असेल, तर संध्याकाळी त्याच्या बापाजवळ जाऊन बसा. उपदेश नको, चहा घ्या, पिकापाण्याचे बोला, आणि उठताना एवढेच म्हणा : ‘उद्या आमच्या पोराबरोबर याला पाठवा.’ अजून दुसरे सत्र पुरे शिल्लक आहे. आता गेलेले पोर सावरते. उन्हाळ्यानंतर ते शाळेचे राहत नाही.

पुढच्या खेपेला दहावीच्या परीक्षेविषयी बोलू. तोवर रानाला पाणी आणि पोरांना वेळ देत राहा.