आधी काटा, मग तंबू

मुक्काम, स्वयंपाक आणि पाणी यांची सोय गाडीबरोबर घेऊन आठवडेच्या आठवडे रस्त्यावर राहणे म्हणजे ओव्हरलँड प्रवास. त्यासाठी गाडी बांधून घ्यायला आलेले गिऱ्हाईक बहुधा आधी फोर बाय फोरची आणि मग रूफटॉप टेंटची चौकशी करते, आणि व्यावसायिकही त्याच क्रमाने उत्तरे देत जातात. हा क्रम चुकीचा आहे, असे या मासिकाचे स्पष्ट मत आहे. गाडीची निवड आणि मुक्कामाच्या सामानाची निवड या दोन्हींच्या मुळाशी वजनाचा एकच हिशेब असतो आणि तो कॅटलॉग चाळून सुटत नाही. त्यासाठी गाडी वजनकाट्यावर न्यावी लागते.

माणसे, इंधन आणि सामान धरून गाडीचे एकूण वजन किती असावे याची उत्पादकाने घालून दिलेली कमाल मर्यादा म्हणजे जीव्हीडब्ल्यू. तीतून गाडीचे इंधनासह रिकामे वजन, म्हणजे कर्ब वेट, वजा केले की जे उरते तेवढाच भार मालकाच्या हाती असतो. सध्या लोकप्रिय असलेल्या जिम्नीचे उदाहरण घेतले, तर तिची मर्यादा १,५४५ किलो आणि रिकामे वजन सुमारे १,२०० किलो असल्याने ३४० किलोंच्या आसपास भार उरतो. त्यातून दोन प्रौढांचे १५० किलो, टेंटचे ६०, कॅरिअरचे ३० आणि ४० लिटर पाण्याचे ४० किलो वजा केले की शेगडी, सिलिंडर, फ्रिज, दुसरी बॅटरी, अवजारे आणि कपडे यांच्यासाठी जेमतेम ६० किलो राहतात. आणि गिऱ्हाइकाने हौसेने स्टीलचा बंपर व विंच बसवून घेतली असेल, तर तेही राहत नाहीत. यात गाडीचा दोष नाही, कारण ती याच कामासाठी बांधलेली नाही. मागच्या बाजूचे खण १८ मिलिमीटर प्लायवुडमध्ये करण्याची आपल्याकडची सुतारी सवयही याच हिशेबात धरावी लागते, कारण आठ बाय चारचा असा एक तावच तीस किलोंहून अधिक भरतो.

छताचा हिशेब आणखी कडक असतो. उभ्या गाडीचे छत झोपलेल्या दोन माणसांचा भार सहज पेलते आणि टेंटच्या जाहिरातीत तोच आकडा ठळक छापला जातो. परंतु चालत्या गाडीच्या छतावर, कॅरिअर धरून, अनेक एसयूव्हींमध्ये १०० किलोंच्या आतलाच भार चालतो. तो भार गुरुत्वमध्य वर नेतो आणि झोजी लाच्या वळणांवर किंवा पावसाळ्यातल्या घाटात गाडी अधिक कलू लागते. शिवाय टेंट छतावर असला की जवळच्या गावातून भाजी आणायलाही सारा बिछाना गुंडाळावा लागतो, ही अडचण खरेदीच्या उत्साहात कोणी विचारात घेत नाही. एकाच ठिकाणी दोन-तीन रात्री राहणाऱ्यांना पाच-सहा किलोंचा जमिनीवरचा चांगला तंबू अनेकदा अधिक सोयीचा पडतो.

महाराष्ट्रातून निघणाऱ्या बहुसंख्य गाड्यांचे स्वप्न लडाखचे असते, म्हणून तिथल्या परिस्थितीचा विचार स्वतंत्रपणे करायला हवा. पुण्याहून लेहपर्यंतचा बहुतेक रस्ता डांबरी किंवा काँक्रीटचा असल्याने चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा लागण्याचे प्रसंग थोडे, आणि तिथेही चांगले टायर अर्धे काम करून जातात. इंधनाचा पल्ला मात्र तपासावाच लागतो. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचे बजावणारी मनाली-लेह रस्त्यावरच्या तांदीची पाटी प्रसिद्ध आहे आणि लादलेली गाडी चढावर लिटरला नऊ-दहा किलोमीटर देत असेल, तर ४० लिटरच्या टाकीत हे अंतर काठावर बसते. खारदुंग ला सुमारे ५,३५९ मीटरवर असून तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो, त्यामुळे टर्बो नसलेले इंजिन दमते. ब्युटेन शून्याच्या जरा खाली वायुरूप होत नाही, म्हणून प्रोपेनचे प्रमाण कमी असलेल्या काडतुसावरची शेगडी पहाटे पेटत नाही.

बॅटरीच्या बाबतीत वजन आणि थंडी एकमेकांच्या विरोधात जातात. १०० अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी सुमारे ३० किलोंची असते आणि तिची निम्मीच क्षमता निर्धास्त वापरता येते, तर त्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १२-१३ किलोंत बसते व बहुतांश क्षमता वापरू देते. परंतु शून्य अंशाखाली चार्ज केल्यास तिच्या आत धातुरूप लिथियमचा थर साचून ती कायमची निकामी होऊ शकते. म्हणून ती बाहेरच्या पेटीत न ठेवता केबिनमध्ये, सीटखाली बसवावी आणि थंडीत चार्जिंग आपोआप तोडणारे नियंत्रक तिच्यात असल्याची खात्री करूनच विकावी.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली आहे. अपघातानंतर विम्याचा दावा अडला, तर पहिली विचारणा गाडी बांधणाऱ्याकडे होणार, हे गृहीत धरावे.

म्हणून प्रत्येक कार्यशाळेने गाडी ताब्यात घेताना आणि ती पूर्ण लादून, टाक्या भरून परत देताना काट्यावर न्यावी, दुसऱ्या वेळी फक्त पुढची आणि मग फक्त मागची चाके काट्यावर ठेवून दोन्ही अ‍ॅक्सलांचा भार वेगळा मोजावा आणि पावत्या गिऱ्हाइकाच्या कागदपत्रांत लावून द्याव्यात. ट्रकच्या काट्याची सूक्ष्मता १० किलोंची असली तरी या कामाला ती पुरते. मागचा भार जास्त निघाल्यास आधी पाण्याची टाकी मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे सरकवून पाहावी. जाड पाटे किंवा कडक स्प्रिंग घातल्याने बसलेली गाडी वर उचलली जाते, पण तिचा जीव्हीडब्ल्यू एका किलोनेही वाढत नाही.