आजोबांच्या हाताचा कंप

मुलगा सहा वर्षांचा. बोलणे दोन-चार शब्दांपुरते, हाक मारली तरी वळून बघत नाही, उत्साहात आला की दोन्ही हात फडफडवतो. आईने पिशवीतून फाइल काढली. सगळ्यात वर एक्झोमचा रिपोर्ट होता. “यात काही निघालं नाही म्हणाले. म्हणजे जेनेटिक नाही ना, डॉक्टर?” ती तपासणी दोन वर्षांपूर्वी मीच लिहून दिली होती.

पहिल्या भेटीतच विचारायला हवे होते ते मी त्या दिवशी विचारले. माहेरी कोण कोण असते? वडील आहेत, सत्तरीचे. हात इतका थरथरतो की कप बशीवर वाजत राहतो, म्हणून त्यांना चहा आता स्टीलच्या पेल्यात, तोही अर्धाच भरून देतात. चालताना तोल जातो. वय झाले, असेच घरात सगळे धरून चालले होते. थोरल्या बहिणीची पाळी छत्तिसाव्या वर्षीच थांबली. मी पेन खाली ठेवले. कंप पावणारे आजोबा, अकाली पाळी गेलेली मावशी आणि समोर हा मुलगा: फ्रॅजाइल एक्सची वंशावळ याहून स्पष्ट क्वचितच दिसते. दोन वर्षे ती माझ्या टेबलापलीकडे बसून होती आणि मी रिपोर्टाची वाट बघत होतो.

फ्रॅजाइल एक्सच्या मुळाशी असलेले एफएमआर-१ हे जनुक १९९१ साली सापडले. त्याच्या सुरुवातीच्या भागात सीजीजी ही तीन अक्षरे ओळीने पुन्हा पुन्हा येतात. ४४ पर्यंत चिंता नाही. ५५ ते २०० म्हणजे प्रीम्युटेशन; आजोबांचा कंप आणि मावशीची अकाली थांबलेली पाळी या त्याच्याच खुणा. २०० ओलांडले की त्या भागावर मिथाइल गट चढतात, जनुक मुके होते आणि एफएमआरपी हे प्रथिन बनतच नाही. सिनॅप्सपाशी कोणती प्रथिने कधी आणि किती बनावीत, याला लगाम घालण्याचे काम ते करते. हा लगाम सुटला की सिनॅप्सची घडणच बिघडते.

आपल्याला अडवणारी गोष्ट तपासणीच्या तंत्रात आहे. नेहमीच्या एक्झोममध्ये डीएनएचे छोटे तुकडे वाचले जातात. एवढी लांब पुनरावृत्ती त्यात मोजता येत नाही. मायक्रोॲरेतही ती दिसत नाही. रिपीट मोजणारी पीसीआर आणि गरज पडल्यास सदर्न ब्लॉट, अशी तपासणी वेगळी मागावी लागते. ती जुनी आहे आणि एक्झोमपेक्षा स्वस्तही. ऑटिझम असलेल्या शंभर मुलांत फ्रॅजाइल एक्स एक ते तीन जणांतच निघेल, हे खरे. पण जिथे निघते तिथे ते तीन पिढ्यांचे निदान असते. विकासात मागे पडलेल्या प्रत्येक स्वमग्न मुलाची, मग ती मुलगी असली तरी, ही तपासणी आपण मागितलीच पाहिजे.

एक्झोमला मी कमी लेखत नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पस्तीस हजारांहून अधिक नमुन्यांतून ऑटिझमशी निगडित १०२ जनुके पुढे आली. शँक-३, सीएचडी-८, एससीएन-२-ए ही नावे आता आपल्या ओपीडीतही ऐकू येतात. तरीही बहुतेक मुलांत असे एकच ठळक कारण हाती लागत नाही. थोडा थोडा वाटा असलेले असंख्य सामान्य फरक तिथे एकत्र आलेले असतात. म्हणून ‘काही निघाले नाही’ याचा अर्थ ‘आनुवंशिक नाही’ असा होत नाही. हे वाक्य रिपोर्ट हातात देतानाच बोलले पाहिजे.

त्या मुलाची पुनरावृत्ती २०० च्या पुढे निघाली, आईची नव्वदीत. निकाल सांगायला बसलो तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे हिच्याकडूनच आलं.” आईने मान खाली घातली.

ज्या ऑटिझमने आयांना एवढे छळले, त्याच्या इतिहासात हा क्षण मला फार बोचतो. ब्रूनो बेटेलहाइमसारख्यांनी आईच्या थंडपणावर खापर फोडले होते. १९७७ साली सुझन फोल्स्टीन आणि मायकल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या पाहिल्या. ११ एकसारख्या जोड्यांपैकी चारांत दोघांनाही ऑटिझम होता, १० भिन्न जोड्यांपैकी एकातही नाही. आईवरचा तो आरोप ढासळायला तिथून सुरुवात झाली. ज्या आनुवंशिकीने आईला सोडवले, तिचाच रिपोर्ट आता तिच्याविरुद्ध पुरावा होत असेल, तर तिथे गप्प बसणे हा आपला अपराध आहे.

मी कागदावर चौकोन आणि गोल काढले. आजोबांकडे एक्स एकच. तो त्यांनी दोन्ही मुलींना दिला, द्यावाच लागतो. मामाला वाय मिळाला, तो सुटला. आजोबांकडून येताना संख्या प्रीम्युटेशनच्याच टप्प्यात राहते. आईकडून पुढे जाताना ती फुगू शकते. यात कुणी काही केले नाही, कुणी काही टाळू शकले नसते. सासूबाई बराच वेळ त्या कागदाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, “हिच्या वडिलांना न्यूरोकडे दाखवायला हवं ना?”

आजोबांना दाखवले. मावशीची तपासणी झाली, अपेक्षेप्रमाणे प्रीम्युटेशनच. तिची मुलगी कॉलेजात आहे, एकोणीस वर्षांची. तिच्यापर्यंत हे पोहोचण्याची शक्यता निम्मी आहे, आणि तिला कसे सांगायचे हे विचारायला मायलेकी पुढच्या बुधवारी येणार आहेत.