कानस खाली ठेव!

कॉलेजच्या एन.सी.सी.ची जबाबदारी माझ्याकडे आली तेव्हा मित्रांनी थट्टा केली, ‘मराठीचा मास्तर आणि बंदूक!’ पण त्या बंदुकीने मला एक धडा दिला, तो आज वाचकांना सांगतो.

पावसाळा नुकताच सरला होता. मुले पालथी झोपून पंचवीस यार्डांवर ०.२२ रायफलचा सराव करीत होती. एका मुलाचा बोल्ट सारखा अडखळत होता. त्याने तो जोराने ओढला की खांदा हलायचा आणि नेम जायचा. वडिलांचे उद्यमबागेत लेथ, त्यामुळे लोखंडाशी घरचीच ओळख. तो म्हणाला, ‘‘सर, झिरो नंबरचा पॉलिश पेपर मारू? दोन मिनिटांत लोण्यासारखा करतो.’’

मी ‘हो’ म्हणणारच होतो. तेवढ्यात आमचे उस्ताद, मराठा लाइट इन्फंट्रीचे चंदगडकडचे हवालदार, पुढे आले. ‘‘थांब रं पोरा. ह्येच्यावर कडकपणा फक्त वरच्या सालीला असतो. साल गेली की आतलं मऊ लोखंड झिजत जातं. आणि घोडा जिथं अडकतो तिथं कानस लागली, तर बंदूक नुसत्या धक्क्यानं उडंल.’’

मग त्यांनी मॅगझिन काढले, बोल्ट मागे ओढून चेंबर रिकामे असल्याचे स्वतः पाहिले, मुलालाही दाखवले. दोष लोखंडाचा नव्हताच. ०.२२ च्या गोळीवरचे मेण, दारूची काजळी आणि जुने तेल मिळून डिंकासारखा थर बसला होता. चिंदीने तो पुसला, सगळे कोरडे केले, आणि बोल्ट जिथे घासतो तिथे तेलाचा एकच थेंब बोटाने पसरला. जास्त तेल म्हणजे धुळीला आमंत्रण! ‘‘आता रोज पन्नास वेळा उघड-मीट कर. ट्रिगरला बोट लावायचं नाही. ०.२२ ची पिन रिकामी आपटली की चेंबरची कड दुखावते.’’

आठवड्याभरात बोल्ट हलका झाला. खरे तर मुलाचा हातच हलका झाला होता.

इंग्रजी चित्रपटांत घोडेस्वार विंचेस्टरचा खालचा दांडा झटक्यात खाली-वर करून गोळ्या झाडतो. त्या १८७३ च्या रायफललाही हाच नियम. आधी सफाई, मग तेल, मग सराव. आपल्या शेजारच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सचे कांस्यपदक मिळवले. त्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून प्रत्येकी वीस, अशा साठ गोळ्या असतात. साठ वेळा बोल्ट उघडायचा आणि साठ वेळा अंग जागच्या जागी ठेवायचे! तिथे अडखळणारा बोल्ट कसा चालेल?

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तोच मुलगा घरी आला. आजोबांची परवान्याची एकनळी पूजेला काढली होती. घोडा जड लागतो म्हणून मामा कानस घेऊन बसले होते. ‘‘सर, मी मामांच्या हातातून कानस काढून घेतली. ते चिडलेत. माझं चुकलं का?’’

मी म्हटले, ‘‘मुळीच नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदूक दुरुस्त करायलाही परवाना लागतो. परवानाधारक कारागिराकडेच द्या. मामांशी मी बोलतो.’’

संध्याकाळी गेलो. मामा अजून फुगलेलेच होते. पण बंदूक देवघरासमोर होती, रिकामी, नुसती पुसलेली. शेजारी आजोबा बसले होते आणि घरातली लहान मुले त्यांच्याभोवती खेळत होती.