वाट पाहतोय, पण कशी?

गेल्या सेमिस्टरला एका कंपनीत इंटर्नशिपचा इंटरव्ह्यू दिला. बरा झाला. मग मोठ्या ऐटीत मेल टाकला, ‘आय ॲम एक्स्पेक्टिंग युवर रिप्लाय बाय मंडे.’ सोमवार गेला, उत्तर नाही. इंग्रजीच्या मॅडमना दाखवलं तर त्या म्हणाल्या, “अरे, नोकरी मागतोयस की थकलेलं भाडं?”

मित्रांनो, आपली गोची इथेच होते. मराठीत आपण बसची वाट पाहतो, निकालाची पाहतो आणि दिवाळीच्या सुट्टीचीही पाहतो. मनात काय आहे ते समोरच्यानं ओळखायचं. इंग्रजी मात्र आधीच कबूल करायला लावते. नुसतेच थांबलोय, तर वेट. व्हावंसं वाटतं पण खात्री नाही, तर होप. होईल असं मानायला कारण आहे, तर एक्स्पेक्ट. होणार आहे आणि त्याचा आनंदही आहे, तर लुक फॉरवर्ड टू. आणि या ‘टू’पुढे ‘हिअरिंग’ येतं राव, ‘हिअर’ नाही! अँटिसिपेट तर सिव्हिलवाल्यांनी मला शिकवू नये, पूर येणार हे धरून धरणाला सांडवा ठेवतात तेच ते.

एक्स्पेक्टपुढे माणूस आला की तो जवळजवळ हुकूमच होतो. आपल्या ‘अपेक्षे’चंही तेच. गणितात फाशाची एक्स्पेक्टेड व्हॅल्यू 3.5 येते, पण फासा लाख वेळा टाका, साडेतीन एकदाही पडत नाही. हे आपल्याला पाठ असतं, घरच्यांना कोण सांगणार?

माझा रूममेट एकाच विषयाला तिसऱ्यांदा बसलाय. घरून फोन आला की म्हणतो, “निकालाची वाट बघतोय.” त्याच्या मनात होप असतं, तिकडे ऐकू जातं एक्स्पेक्ट. ही चूक ग्रामरची नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. नेमकं सांगायची भीती वाटते म्हणून आपण मोघम शब्दामागे लपतो.

परवा त्यानं धीर करून सांगितलं, “आई, आशा आहे, पण पेपर अवघड गेलाय.” पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग, “मेसमध्ये नीट जेवतोस ना?”

मीही त्या कंपनीला दुसरा मेल केलाय. मॅडमनी सांगितलं होतं तरी ‘लुक फॉरवर्ड’ लिहायला हात धजेना. ‘होप’च लिहिलं.