प्लॅस्टर निघाले, पुढे काय?

आमच्या वस्तीतील एक मावशी चार घरची धुणीभांडी करतात. मोरीत पाय घसरून पडल्या आणि उजवे मनगट मोडले. सहा आठवड्यांनी प्लॅस्टर निघाले. हाड जुळले होते, पण मनगट वळेना, मूठ आवळेना. ओले कापड पिळायला घेतले की डोळ्यांत पाणी येई.

डॉक्टरांनी केसपेपरवर ‘फिजिओथेरपी’ असे लिहून दिले होते. “ते पैसेवाल्यांचे काम,” असे म्हणून मावशींनी तो कागद डब्यात ठेवला आणि मालिशवाल्याची वाट धरली. दीड महिना गेला. दोन घरची कामे सुटली.

असा कागद पुष्कळ घरांत डब्यात पडून असतो. म्हणून भगिनींनो, आज त्याविषयी.

फिजिओथेरपीला मराठीत भौतिकोपचार म्हणतात. हात-पाय बरेच दिवस हलला नाही की स्नायू बारीक होतात, सांधा आखडतो. त्यावर गोळीचा उपयोग नाही. योग्य हालचाल लागते. ती कोणती, किती आणि केव्हा, हे ठरवणे हेच या तज्ज्ञांचे काम. शेक आणि विजेची यंत्रे ही त्यांच्या जोडीला असतात.

मावशी अखेर महापालिकेच्या रुग्णालयात गेल्या. तेथील बाईंनी आधी मनगट किती अंशांत वळते ते मोजले. कोमट मेणाचा शेक दिला, मग बोटे आणि मनगट हळूहळू वळवून घेतले. घरी करायला टॉवेल पिळणे, रबरी चेंडू दाबणे असे व्यायाम सांगितले. “इथे माझा अर्धा तास, बाकीचा दिवस तुमचा,” असे त्या म्हणाल्या. ते खरेच आहे. घरी व्यायाम केला नाही, तर केंद्रात जाऊन गुण येत नाही.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. कोपराला मार लागल्यावर जोराने चोळू नये; स्नायूत नको तेथे हाड तयार होऊन कोपर कायमचे आखडू शकते. अर्धांगवायू झालेल्या माणसाला लुळा हात ओढून उठवू नये, खांदा निसटतो. अशा रुग्णाला पहिल्या काही महिन्यांतच जास्त सुधारणा होते, म्हणून थांबू नका.

जायचे कोठे? महापालिकेचे मोठे रुग्णालय, जिल्ह्याचे सिव्हिल हॉस्पिटल, सरकारी वैद्यकीय महाविद्यालय येथे चौकशी करा. फिजिओथेरपी महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागातही कमी खर्चात उपचार होतात. मुंबईत के.ई.एम. रुग्णालयात हे शिक्षण १९५३ साली सुरू झाले. हाजी अली येथे १९५५ पासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे.

खाजगी ठिकाणी जाल तर बी.पी.टी. किंवा एम.पी.टी. ही पदवी आणि नोंदणी क्रमांक विचारा. विचारण्यात संकोच कसला? किती दिवस यावे लागेल, घरी काय करायचे, हेही विचारा. न तपासता थेट यंत्र लावणाऱ्यापासून दूर राहा. कंबरदुखीबरोबर पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मात्र आधी तातडीने डॉक्टर गाठा.

मावशींचा हात दोन महिन्यांत कामाला लागला. सुटलेल्या दोन घरांपैकी एकच परत मिळाले. दीड महिन्यापूर्वी गेले असते तर, असे त्या आजही म्हणतात. हातावर पोट असणाऱ्याने हाताची हयगय करू नये. तुमच्या डब्यात असा कागद असेल तर उद्याच बाहेर काढा.